छातीत आणि पाठीत

सरकारी गॅझेट वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. नेमणुका, बदल्या, बढत्या आणि बक्षिसे यांच्या नोंदीसाठी तो कागद जन्माला येतो आणि कचेरीच्या कपाटात त्याचा अंत होतो. तरीसुद्धा, वाचकहो, दिवाळीच्या या अंकात मी आपल्यापुढे गॅझेटातलीच एक हकिगत ठेवणार आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडणाऱ्याला युद्धाची गोष्ट रुचेल की नाही, ठाऊक नाही. पण या सदराच्या वाचकांना माझी खोड माहीत आहे. एखादा मजकूर डोक्यात बसला की तो आपल्याशी बोलल्यावाचून मला चैन पडत नाही.

लंडनच्या गॅझेटात २ नोव्हेंबर १९४४ रोजी हा मजकूर छापून आला. आपल्याकडे त्या वर्षीची दिवाळी आटोपून जेमतेम पंधरवडा झाला होता. मजकूर अवघ्या पाच-सहा वाक्यांचा आहे. त्याचा सारांश माझ्या शब्दांत असा :

१० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका कंपनीने शत्रूच्या बळकट ठाण्यावर चढाई केली. तिच्यातल्या एका सेक्शनचा म्होरक्या होता नाईक यशवंत घाडगे. अगदी जवळून मशीनगनचा मारा आला आणि म्होरक्या सोडून सेक्शनमधले सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. आपल्याबरोबर यायला आता कुणी उरलेले नाही हे पुरते ठाऊक असूनही तो थांबला नाही. टॉमीगन चालवीत तो सरळ त्या मशीनगनवर धावून गेला. हातबाँब टाकून त्याने ती गन आणि ती चालवणारा, दोघांचा निकाल लावला. मग गनवरच्या आणखी एकाला टॉमीगनने टिपले. आता मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्याने टॉमीगनची नळी हातात धरली आणि उरलेल्या दोघांना झोडपून मारले. एवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या, छातीत आणि पाठीत. जे ठाणे त्याने एकट्याने घेतले, त्यातच तो मेला.

या कृत्याबद्दल त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय वर्षे बावीस.

मी त्याला 'तो' म्हणतो आहे, याबद्दल कुणी रागावू नये. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्याला 'ते' म्हणावे, हे मलाही कळते. पण माझ्या बी. ए.च्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुले बाविशीच्या आसपासची असतात आणि त्यांना अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही. शिवाय आपल्या शाहिरांनी ज्यांच्यावर जीव टाकला त्यांना एकेरीतच गायिले.

शाहिरांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या वीररसाचा एक जुना दंडक आहे. वीराने घाव झेलायचा तो छातीवर. पाठीवरचा घाव म्हणजे पळपुटेपणाची खूण. पोवाडे शिकवताना मी हे वर्षानुवर्षे सांगत आलो आहे आणि मुले ते परीक्षेत इमानाने उतरवून काढतात. आता हीच हकिगत एखाद्या शाहिराच्या हाती दिली असती तर त्याने काय केले असते? 'छातीत' हा शब्द त्याने डफावर थाप मारून तीनदा म्हटला असता आणि 'पाठीत' हा शब्द हळूच गाळला असता. गॅझेटच्या कारकुनाला वीररसाशी कर्तव्य नव्हते, म्हणून त्याने दोन्ही शब्द ठेवले. आणि माझ्या मते या मजकुरातला सगळ्यांत मोठा शब्द 'पाठीत' हाच आहे. कारण पाठ त्याने दाखवली नव्हती. तो इतका पुढे घुसला होता की त्याच्या पाठीमागेही आता शत्रूच होता. त्या शब्दावाचून ही लढाई नीट दिसतच नाही.

आणखी एक तपशील घ्या, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता हा. टॉमीगनच्या मॅगझीनमध्ये वीस किंवा तीस गोळ्या असतात. घोडा दाबून धरला तर दोन-तीन सेकंदांत मॅगझीन रिकामे होते. उलट जर्मनांची त्या वेळची मशीनगन मिनिटाला बाराशे गोळ्या सोडू शकत असे. म्हणजे यशवंत घाडगे ज्या काळात जगला तो काळ सेकंदांचा होता. पाच किलोंची ती बंदूक, गोळ्या सुटून नळी तापलेली. ती उलटी धरली की बंदुकीचा सोटा होतो. सोटा चालवायला कुणाला पलटणीत जाऊन शिकावे लागत नाही. भाताच्या पेंढ्या झोडणाऱ्या माणसाच्या खांद्याला ती चाल लहानपणापासून माहीत असते. युरोपातल्या त्या महायंत्रयुद्धाचा एक तुकडा, अखेरच्या क्षणी, असा कोकणातल्या खळ्यावरच्या अवजाराने लढला गेला.

परंतु त्या क्षणाआधीचे काय? त्याचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव-आंबेगाव, माणगावच्या मुलखातले. जिल्हा तेव्हाचा कुलाबा, जो १९८१ पासून रायगड झाला. जन्माची तारीख आणि मृत्यूची हकिगत, या दोहोंच्या मधल्या बावीस वर्षांविषयी गॅझेट अवाक्षर काढत नाही. त्याला गाता येत होते का, पोहता येत होते का, शाळेत तो किती वर्षे बसला, घरून निघताना कुणाच्या पाया पडला? सन्मानाच्या मजकुरात असल्या गोष्टींना जागा नसते. तिथे माणसाचा जन्म मशीनगनच्या पहिल्या गोळीबरोबर होतो.

त्याच्या घरातले मला सांगता येणार नाही. त्या मुलखातले सांगता येईल. उन्हाळा तोंडावर आला की कवळ, पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा. मृगाचा पाऊस आला की त्या भाजलेल्या जमिनीत भाताचा पेर टाकायचा. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून लावणी आणि दिवाळीच्या सुमाराला कापणी. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकेल ती. एवढ्यावर वाढत्या कुटुंबाचे पोट भरत नाही, हे कोकणाचे जुने गणित आहे. म्हणून एका भावाने नांगर धरायचा, दुसऱ्याने मुंबईला गिरणीत लागायचे आणि तिसऱ्याची छाती भरतीच्या फितीत बसली तर त्याने पलटणीत जायचे, अशी वाटणी कितीतरी घरांत होई. माणगावात रेल्वे यायला तेव्हा पन्नासएक वर्षे अवकाश होता. मुलगा डोंगर उतरून गेला की पुढे तो मनीऑर्डरच्या कागदावरच भेटायचा. शिपायाचा पगार महिना सोळा-अठरा रुपये. त्या काळी ते थोडे नव्हते, फारही नव्हते.

१९३९ साली हिंदी सैन्यात दोन लाखांच्या आसपास माणसे होती. १९४५ साली ती पंचवीस लाखांच्या घरात गेली. यात सक्तीची भरती नव्हती. अर्थात भूक ही सक्ती मानायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या समजुतीचा प्रश्न आहे. मराठा पलटणींचे शिक्षण बेळगावला होई. कोकणातले आणि देशावरचे मराठे तिथे एकत्र येत, आणि ज्यांच्या नावाचा जयजयकार करून चढाई करायची त्या शिवछत्रपतींची राजधानी आमच्या यशवंताच्या शेजारच्याच तालुक्यात उभी होती. तो ज्या तिसऱ्या पलटणीत गेला तिच्या बापजाद्यांनी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुतचा वेढा सोसला होता. याच पलटणीने १९४१ साली आफ्रिकेत एरिट्रियामधल्या केरेनची कडी लढाई दिली. स्वातंत्र्यानंतर ती छत्रीधारी झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या युद्धात टांगाइलला आकाशातून उतरली ती हीच. पण हे जाता जाता.

आता एक अडचणीचा प्रश्न. तो टाळून हा लेख लिहिता आला असता, पण मग तो लिहिण्यात अर्थ नव्हता. हे युद्ध कुणाचे?

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली. सप्टेंबरात, यशवंत घाडग्याच्या गावापासून फार लांब नसलेल्या महाडला, नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला. गोळीबार झाला आणि तरुण माणसे मेली. त्याच कुलाबा जिल्ह्यातल्या माथेरानचे भाई कोतवाल भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात, हिराजी पाटलांसह, पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. एकाच जिल्ह्यातली, एकाच वेळची ही मुले. काहींनी ब्रिटिश सत्तेच्या गोळ्या खाल्ल्या आणि एकाने तिच्या बाजूने लढताना गोळ्या खाल्ल्या. स्वातंत्र्यानंतर आपण पहिल्यांचे हुतात्मा-स्तंभ उभारले, ते योग्यच झाले. दुसऱ्याच्या वाट्याला पुष्कळ वर्षे एक शब्द आला, 'भाडोत्री'. तोंडावर कुणी म्हटला नसेल, पण बैठकीत, भाषणात, चर्चेत तो फिरत असे.

या शब्दाचा मी बराच विचार केला आहे. ज्या मुलखात आपला शिपाई पडला, तो इटलीतला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्याचा, उंब्रिया प्रांताचा. तिथे टेकडीवर मोंतोने नावाचे तटबंदीचे जुने गाव आहे. या गावचा मोठा ऐतिहासिक पुरुष म्हणजे ब्राच्चो फोर्तेब्राच्चो, चौदाव्या-पंधराव्या शतकातला सेनानी. हा खरोखरीचा भाडोत्री. आज या नगराकडून, उद्या त्या नगराविरुद्ध, मोल ठरवून सैन्य घेऊन लढायचे, हा त्याचा धंदा होता. त्याने त्यातून राज्य मिळवले आणि गाव त्याचे नाव अभिमानाने सांगतो! आमच्या यशवंताने महिना अठरा रुपयांत काय मिळवले?

पगार माणसाला बेळगावपर्यंत नेतो हे मला मान्य आहे. आगबोटीत बसवून इटलीपर्यंतही नेईल. पण ती शेवटची थोडी पावले, ज्यांत मागे कुणी नाही आणि पुढे मशीनगन आहे, ती पगारासाठी चालणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तो तिथेच आडवा पडून राहिला असता तर कुणी त्याचा एक रुपया कापला नसता. मग राजासाठी? लंडनच्या बादशहाचे तोंड त्याने नाण्यावर पाहिले असेल, तेवढेच. देशासाठी म्हणावे, तर कुठला देश तिथे होता? इंग्रज अधिकारी याला 'पलटणीची इज्जत' म्हणतात. असेल. मला वाटते उत्तर त्याच्या मागे पडले होते. कालपर्यंत एका पातेल्यातले जेवणारी, एका ताडपत्रीखाली झोपणारी माणसे पडली होती. सेक्शन म्हणजे दहाएक माणसांचे घर असते, आणि नाईक त्या घरचा कर्ता. 'नाईक' हा शब्दच मुळी 'नायक'वरून आला आहे. घरावर असा घाला आला की कर्ता पुरुष हिशेब मांडत बसत नाही. हा माझा तर्क आहे, आणि मराठीच्या मास्तराचा तर्क म्हणून त्याची जी किंमत करायची ती करावी.

युद्धाचे चित्र थोडक्यात असे होते. ४ जून १९४४ ला रोम पडले, २० जूनला पेरुजा. जर्मन सैन्य उत्तरेच्या आपल्या तटबंदीकडे मागे सरत होते, पण पळत नव्हते. प्रत्येक टेकडीवर आठ-दहा माणसे आणि एक-दोन मशीनगन ठेवून ते दिवस विकत घेत होते, आणि त्यांची किंमत आपल्या दहाव्या डिव्हिजनच्या शिपायांना मोजावी लागत होती. इटलीत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ तिथेच राहिले. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैन्याकडे आले. अशा शेकडो टेकड्यांपैकी एक टेकडी, अशा असंख्य मशीनगनांपैकी एक. १० जुलै. कोकणात आषाढ लागलेला होता, लावणीचे दिवस.

पदक त्याच्या पत्नीच्या हाती पडले. १९४५ साली दिल्लीला व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते दिले. हे वेव्हेल मोठे चमत्कारिक गृहस्थ होते. पहिल्या महायुद्धात एक डोळा गमावलेला, सेनापती म्हणून जय आणि पराजय दोन्ही पाहिलेले, आणि स्वतःला पाठ असलेल्या इंग्रजी कवितांचा जाडजूड संग्रह त्यांनी नेमका १९४४ सालीच प्रसिद्ध केलेला. शौर्यावरच्या किती ओळी त्यांच्या मुखात असतील! समोर उभी होती ती कोकणातल्या खेड्यातली तरुण विधवा. त्या काळी आपल्याकडे विधवेने चार माणसांत पुढे यायचे नाही, मंगलकार्यात तर तिची सावलीही नको, असा दंडक होता. तिला साम्राज्याच्या सगळ्यांत मोठ्या मानासाठी, लष्करी बँडच्या आणि हजारो डोळ्यांच्या समोर उभे केले गेले. दिल्लीने तिला पुढे बोलावले आणि गावाच्या रिवाजाने तिला मागे उभे राहायचे होते. या दोन जागांमधले अंतर मला माणगाव ते टायबर या अंतराहून अधिक वाटते.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीच्या आणखी एका शिपायाला हाच मान मिळाला, नामदेव जाधव यांना. तेही खेड्यातलेच, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच, सेनियो नदीच्या बांधावर, त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून जखमी सोबत्यांना बाहेर काढले आणि मग एकट्याने मशीनगनची ठाणी मोडली. त्यानंतर बांधावर उभे राहून पलटणीची गर्जना केली. ते जगले, १९८४ पर्यंत. त्यांना कुणी विचारले तर ते सांगू शकत होते, कंटाळले तर नको म्हणू शकत होते, इतरांनी चढवलेल्या रंगावर हसूही शकत होते. यशवंताला ती सोय नव्हती. त्याच्याविषयी जे बोलायचे ते दुसऱ्यांनीच.

आणि आम्ही मराठीवाले फारसे बोललो नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही आमची अभिमानाची कादंबरी, १९३९ सालची. तिचे नाव रणांगण, पण ती घडते बोटीवर. ती थोर आहे यात वाद नाही. पण पंचवीस लाखांच्या सैन्यात आपली एवढी माणसे असताना, मी शिकवलेल्या एकाही अभ्यासक्रमात बंदूक खांद्यावर घेतलेला, टायबरच्या काठी मराठीत शिवी हासडणारा शिपाई मला भेटला नाही. युद्ध म्हटले की आम्ही पानिपतावर जातो. तिथला शोक जुना आहे, सवयीचा आहे, आणि त्यात 'कुणासाठी लढले?' हा प्रश्न कुणी विचारत नाही.

त्याची समाधी नाही. कासीनोच्या युद्धस्मशानात, ज्यांच्या समाध्या ठाऊक नाहीत अशा चार हजारांवर सैनिकांची नावे कोरलेल्या स्मारकावर, त्याचे नाव आहे. माणगावात त्याचा पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैत मोंतोनेच्या नगरपालिकेने व इटालियन युद्ध-इतिहासकारांनी त्याच्या नावाचे स्मारक उभारले. ते काही बंदूक रोखलेला पुतळा नव्हे, एक छायाघड्याळ आहे! त्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या टेकड्यांवर परक्यांनी परक्यांना मारले, तिथल्या लोकांना एकोणऐंशी वर्षांनी हे सुचले याचे मला कौतुक वाटते. लॅटिनच्या जोडीला चार मराठी अक्षरे असती तर अधिक बरे वाटले असते, पण ते बहुधा आपणच सुचवायला हवे होते.

यंदा पोवाडा शिकवताना मी हा गॅझेटचा मजकूर वर्गात वाचला. 'पाठीत' या शब्दावर बराच वेळ बोललो. तास संपल्यावर एक मुलगा टेबलाशी आला. रायगडकडचाच आहे. म्हणाला, "सर, सेक्शनमधले बाकीचे कोण होते?"

गॅझेटात त्यांची नावे नाहीत. 'सगळे ठार किंवा जखमी' एवढ्या चार शब्दांत ती माणसे आटोपली आहेत. त्याला सांगितले की युद्धात मेलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने ठेवलेली आहे. तीत पलटण असते, तारीख असते, पुष्कळदा बापाचे नाव आणि गावही असते. तिसरी पलटण आणि १० जुलै १९४४, एवढे धरून शोधले तर त्या दिवशी पडलेले सापडतील. दिवाळीच्या सुटीत तो बसणार आहे. जखमींची नावे मात्र त्या यादीत नसतात.